देवाच्या नावावर

"देवाजी, मले टाकून काऊन चालला?"

घरपट्टी वसूल करणारा देवाजी थबकला. तामसीजवळच्या त्या गावात दर मार्चमध्ये तो आधी बयनाबाईच्या ओट्यावर बसे, मग पुढे जाई.

"मावशी, तुमची पट्टी माफ झाली ना. घर देवाचं झालं."

"ते ठाऊक हाय मले. पण चहा तं पिशीन?"

तो बसला. समोरच्या खोलीतून कापसाचा वास येत होता.

आदल्या उन्हाळ्यात मंदिराचे पंच वामनराव तिच्याकडे आले होते. नवरा गेलेला, पोटी मूल नाही, पट्टी थकलेली. "वहिनी, घर देवाले लिहून द्या," ते म्हणाले. "देवाच्या घराले पट्टी नाई. मरेस्तोर तुमीच राहा." पट्टी सुटण्यापेक्षा आपल्यामागे या घरात दिवा लागेल, हेच तिला मोठं वाटलं. बसने आदिलाबादला जाऊन तिने दानपत्रावर अंगठा उठवून दिला.

दिवाळीनंतर घराची समोरची खोली कापसाच्या व्यापाऱ्याला गोदाम म्हणून भाड्याने गेली. "भाडं देवालेच जाते," वामनराव म्हणाले. तिने चूल आणि अंथरूण मागच्या पडवीत नेलं.

"गोदामाची तरी पट्टी घ्या म्हटलं मी," देवाजी खाली मान घालून म्हणाला. "सरपंच म्हणे, देवाच्या आड येऊ नको."

"देव कापूस इकते काय रे?" ती म्हणाली, आणि आपल्याच बोलण्याने दचकून तिने हात जोडले.

एप्रिलच्या ग्रामसभेत ती उठली. पूर्वी नळासाठी, रस्त्यावरच्या दिव्यासाठी ती अशीच उठून भांडायची.

"माह्या घरापुढली नाली तुंबली. घाण पाणी बाजूच्या बोळातून मागं पडवीत येऊन राह्यलं."

"पट्टी देत नाई अन् नाली मागते!" मागून चंपतराव बोलला. लोक हसले.

सरपंच हसले नाहीत. "बाई, घर देवस्थानाचं हाय. मंदिराच्या पंचानं अर्ज द्यावा."

"वामनराव, तुमीच सांगा, घर कोणाचं हाय?"

"देवाचं, वहिनी," वामनराव मऊ आवाजात म्हणाले. त्यात खोटं काहीच नव्हतं.  बयनाबाई खाली बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवाजी तिकडून जात होता. लुगडं खोचून बयनाबाई नालीत उतरली होती आणि फावड्याने गाळ उपसत होती.

"द्या इकडं, मावशी."

"राहू दे. कपडे भरतीन तुये."

तेवढ्यात व्यापाऱ्याची बैलगाडी दारात आली. "बाजूले हो, बाई," गाडीवान ओरडला. तो परगावचा, तिला ओळखत नव्हता.

देवाजी काही बोलणार, तोच तिने हातानेच त्याला थांबवलं. ती नालीबाहेर आली आणि चिखलाचे पाय भिंतीला लागू नयेत म्हणून जरा दूर उभी राहिली. कापसाचे बोरे एकेक करून तिच्या दारातून बाहेर जात होते. शेवटचा बोरा गाडीत चढेपर्यंत ती तशीच, डोक्यावरचा पदर सावरत उभी होती.