अस्तराचा रंग

बागेतल्या इंजिनाच्या मागे लागल्यापासून तिला सगळे रंगबाई म्हणायला लागले होते. आधी थट्टेने, मग सवयीने, आणि पुढे तर पोस्टमनही त्याच नावाने हाक मारायचा. कॉलेजच्या रसायनशाळेत तिने उभी हयात काढली होती, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत आणि मुलांनी फोडलेल्या नळ्या झाडून काढत. निवृत्त झाल्यावर कॉलेजने मोडीत काढलेला एक सूक्ष्मदर्शक तिने घरी आणला, त्याची भिंगं पुसली, आणि गावाच्या छोट्या रेल्वेलाईनीच्या त्या वाफेच्या इंजिनाचा मूळ रंग शोधायला घेतला.

हे सगळं दादासाठी होतं. लग्न न केल्यामुळे ती दादा-वहिनींकडेच राहायची. छोटी लाईन बंद पडली तेव्हा दादा शाळकरी पोर होता आणि हिचा जन्मही झालेला नव्हता. वडील त्या लाईनीवर रूळ बदलणारे सांधेवाले. त्यांचा डबा घेऊन दादा रोज इंजिनाच्या शेडवर जायचा आणि अंधार पडेपर्यंत परतायचं नाव घ्यायचा नाही. तो सांगायचा, इंजिन जांभळट तपकिरी होतं. लाल नाही, काळंही नाही, मधलंच काहीतरी. उन्हात आलं की आतून जांभळी झाक मारायचं.

गावात त्याचं कोणी ऐकत नसे. त्या काळातले फोटो काळेपांढरे. दुसऱ्या गावांत जी छोटी इंजिनं जपून ठेवली होती ती सगळी हिरवी, म्हणून हेही हिरवंच असणार, असं जो तो छातीठोकपणे सांगायचा. इंजिन शोभेसाठी बागेत आणल्यावर तर प्रत्येक नगराध्यक्षाने आपापली हौस भागवून घेतली होती. एकाने निळं केलं, एकाने चंदेरी, एकाने पिवळं करून त्यावर काळे पट्टे ओढले. दादा तसा शांत माणूस. बढती हुकली तेव्हा त्याने ब्र काढला नव्हता. पण न्हाव्याच्या दुकानात कोणी ‘हिरवं’ म्हटलं की अर्धी दाढी तशीच ठेवून तो उठायचा.

आता त्याचं हृदय थकलं होतं. पाय सुजायचे, दोन वाक्यं बोलला की धाप लागायची. डॉक्टरांनी हात टेकले होते. बाहेरच्या खोलीत खिडकीशी त्याची खाट टाकली होती. तो जाण्याआधी त्याला एकदा सांगता यावं, दादा, तुझंच खरं होतं. रंगबाईला बाकी काही नको होतं.

कागदावर सोपं दिसणारं हे काम प्रत्यक्षात जीव खाणारं निघालं. इंजिन बनवणारा कारखाना कधीच बंद पडला होता. त्याचे नकाशे कोणाकडे गेले, कोणाला ठाऊक नव्हतं. शेडच्या जागी गोदाम झालं होतं. इंजिनाच्याच पाण्याच्या टाकीवरून तिने रंगाचा एक पापुद्रा काढून आणला, तर तो पत्रा मागाहून बदललेला निघाला. उरलं होतं फक्त इंजिनाचं आतलं अंग. केबिनच्या आतल्या बाजूला, वाफेचा दाब दाखवणाऱ्या घड्याळांच्या पट्टीमागे, जिथे कुंचला धड पोचत नाही, तिथे पहिल्यापासूनचे थर शाबूत असणार याची तिला खात्री होती. पॉलिश पेपरने हळूहळू घासत गेलं की कांद्यासारखे एकाखाली एक थर उघडे पडतात, आणि सगळ्यांत खाली, गंज धरू नये म्हणून आधी मारलेल्या अस्तराच्या लगेच वर, पहिला रंग असतो.

इंजिनाची डागडुजी करायला समिती नेमली गेली तेव्हा ती सेक्रेटरींकडे गेली. सेक्रेटरी सभ्य गृहस्थ, निवृत्त इंजिनियर. त्यांनी काम सुरू होण्याआधी नमुने घ्यायला आनंदाने परवानगी दिली. मात्र ती निघताना ते हसत म्हणाले, ‘‘मला विचाराल तर तुमच्या दादांनी शेडमध्ये नुसतं अस्तर मारलेलं इंजिन पाहिलं असणार. रेड ऑक्साइड. तोही तपकिरीच दिसतो. लहान पोराला काय कळतंय?’’

हे बोलणं तिच्या मनात सलत राहिलं. शक्य होतं, म्हणूनच सलत राहिलं.

ठरलेल्या दिवशी ती पिशवीत पॉलिश पेपर, चिमटे आणि काचपट्ट्या घेऊन बागेत पोचली. इंजिनाभोवती पत्रे उभे केले होते. आत गेली आणि जागीच थांबली. इंजिन नखशिखांत तपकिरी होतं. एकसारखं, कोरं, अजून तेलाचा वास येणारं.

वाळूचा मारा करणारा कंत्राटदार टोपी काढून पुढे आला. मोठ्या उत्साहाने त्याने सांगितलं की, रंगबाई येऊन खरवडत बसणार आहेत हे त्याच्या कानावर आलं होतं. या वयात बाईंनी लोखंडाशी कशाला झटापट करायची, म्हणून त्याने माणसं जास्तीची लावली आणि आदल्याच दिवशी सगळा जुना रंग उडवून टाकला. वाळू मारल्यावर लोखंड उघडं ठेवलं तर लगेच गंज धरतं, म्हणून हातासरशी अस्तरही मारून घेतलं.

‘‘केबिनच्या आत?’’ तिने विचारलं.

‘‘आत, खाली, पट्टीच्या मागे. कानाकोपरा सोडला नाही, बाई.’’

ती लोखंडी पायरीवर बसली. तिचा चेहरा पाहून त्याला काहीतरी चुकल्याचं कळलं, पण काय ते कळेना. त्याने चहा मागवला. मग तिने सगळं समजावून सांगितलं तेव्हा तो बिचारा बॅटरी घेऊन इंजिनाखाली शिरला आणि कपडे माखेपर्यंत शोधत राहिला. नखाएवढाही जुना रंग त्याला सापडला नाही. माणूस खरंच कसून काम करणारा होता.

झाडून काढलेली वाळू पोत्यांत भरून बागेच्या मागे टाकली होती. रंगबाईने ती पोती घरी आणवली. परसात चाळण घेऊन ती चाळत बसली. वहिनी कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि मग दुसरी चाळण घेऊन शेजारी बसली. निळे, चंदेरी, पिवळे कण वेगळे होत गेले. त्यांतून एक कपचा निघाला, तिळाएवढा, पण थर असलेला. सूक्ष्मदर्शकाखाली वरून खाली बघत ती तळाशी पोचली. तळाशी तपकिरी होता. पण तो एकच थर होता की दोन, हे काही केल्या दिसेना. वाळूच्या माराने कड चेचली गेली होती. एक असेल तर ते नुसतं अस्तर. दोन असतील तर दादाचं खरं. कड साफ करायला तिने पात्याचं टोक लावलं आणि कपच्याची भुकटी झाली.

त्या संध्याकाळी दादाने विचारलं, ‘‘काय झालं गं इंजिनाचं? काढलास का फोटो?’’

फोटो तिने काढला होता, सेक्रेटरींना दाखवून जाब विचारावा म्हणून. मोबाइल त्याच्या हातात देताना ती सांगणार होती की सगळं संपलं. पण दादाने तो डोळ्यांजवळ नेला.

‘‘हाच,’’ तो म्हणाला. ‘‘हाच तो रंग. काढलास की गं शोधून, धाकटे.’’

मग त्याने वहिनीला हाक मारली. तिलाही फोटो दाखवला. इतकी वर्षं मला वेड्यात काढत होते, असं धापा टाकत सांगत राहिला. वहिनीने फोटो पाहिला. गेल्या वर्षी घराच्या फाटकाला याच रेड ऑक्साइडचा डबा तिने स्वतः लावला होता. तिने नणंदेकडे पाहिलं आणि मोबाइल परत दिला.

रंगबाई स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिली. दादाने खरंच अस्तरच पाहिलं होतं का? की आजारपणात मूळ रंग त्याच्याही मनातून पुसला गेला होता आणि आता तपकिरी म्हणून काहीही चाललं असतं? त्याला विचारून उपयोग नव्हता.

समितीच्या बैठकीत तिने उभं राहून सांगितलं की मूळ रंग आता कळू शकत नाही. सेक्रेटरींनी खेदाने मान हलवली. कळत नाही म्हणून इंजिन बिनरंगाचं ठेवता येत नव्हतं. हिरवा ठरला. इंजिनापुढच्या पाटीवर तिचं नाव घालायचंही ठरलं. तिने नको म्हटलं तरी घातलं.

दादाला ते दिसू नये म्हणून तिने जंग जंग पछाडलं. पण एकदा दवाखान्यातून परतताना गाडीवाल्याने बागेवरून गाडी घेतली आणि दादाने काच खाली करायला लावली. कुंपणापलीकडे हिरवंगार इंजिन उन्हात चमकत होतं. माणसं त्याच्यापुढे उभी राहून फोटो काढत होती.

‘‘हे कुठलं आणलं?’’ दादाने विचारलं. ‘‘आपलं कुठंय?’’

‘‘आपलं शेडमध्ये आहे,’’ रंगबाई म्हणाली. ‘‘वाळतंय अजून.’’

‘‘वाळू दे. घाई नको.’’

त्यानंतर तो रोज विचारायचा आणि ती रोज वाळतंय म्हणायची. शेवटी शेवटी तो विचारायचा थांबला. श्वास घेण्यातच त्याचा दिवस जायचा. तो गेला तेव्हा रंगबाई त्याच्या उशाशी होती. त्याने इंजिनाचं नाव काढलं नाही.

पुढे कधीतरी कपडे वाळत घालताना वहिनीने विचारलं, ‘‘वन्सं, खरं सांगा, होता कुठला रंग?’’

‘‘नाही माहीत,’’ ती म्हणाली. ‘‘आणि आता कळायचाही नाही.’’

वहिनीने चादरीचं दुसरं टोक तिच्या हातात दिलं. दोघींनी ती पिळली, झटकली आणि दोरीवर टाकली.