कोयचा पहिला घास

माझा धाकटा दीर खाम्पुन कच्च्या माशाचा कोय करायचा, आणि आमच्या तळ्याकाठच्या गावात त्याच्या हाताची चव दुसऱ्या कुणाच्या हाताला नव्हती. मासा अगदी बारीक चिरायचा, त्यावर लिंबू पिळायचं, भाजलेल्या तांदळाचं कूट, मिरची, पुदिना. लग्न असो, कुणाचं नवं घर असो, बोलावणं खाम्पुनलाच. आणि रीत अशी, की कोय ज्याने केला त्याने पहिला घास सगळ्यांदेखत स्वतः खायचा. मगच बाकीचे परातीत हात घालणार.

एवढा मान सोडला तर त्या माणसात मला कधी काही दिसलं नाही. दारू प्यायची, दुपारभर खांबांना बांधलेल्या झोळीत लोळायचं. मी पुलाजवळ कोंबड्या भाजून विकते, सकाळपासून निखाऱ्यापुढे उभी. लोळणारा माणूस दिसला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

माझी मुलगी दाओ मोलामच्या फडात गायची. मोलाम म्हणजे उभ्या उभ्या तासन् तास गाणं, नाचणं, आणि ट्रकमधून गावोगाव फिरणं. त्यात तिच्या मोठ्या आतड्याला सूज आली, जखमा झाल्या. गाणं अर्ध्यावर टाकून पोरगी मंचामागे पळायची. संडासात रक्त बघून आधी तीच घाबरली, मग मी. गोळ्या झाल्या, चेहरा सुजवणारी औषधं झाली, सुया झाल्या. सुयांनी काही दिवस बरं वाटलं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शेवटी शहरातल्या डॉक्टर रच्चनी म्हणाल्या, आता आतडं काढून पोटावर पिशवी लावायचा विचार करावा लागेल.

"पिशवी लावूनही लोक छान जगतात, मला माहीत आहे," दाओ म्हणाली. "पण त्याआधी काही बघायचं राहिलंय का?"

राहिलं होतं. नवा उपचार होता, अजून तपासणीतच असलेला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पोटात बारीक जंतूंची अख्खी वस्ती असते. दाओच्या पोटातली वस्ती उजाड झालीय. धडधाकट माणसाच्या पोटातली आणून तिथे बसवायची.

"आणायची कुठून?" मी विचारलं.

"शौचातून," बाई शांतपणे म्हणाल्या. "धुऊन, गाळून, तपासून, नळीने आत सोडतात. गुण येईल असं वचन मी देत नाही. काहींना येतो, काहींना नाही."

मी दाओकडे बघितलं, दाओने माझ्याकडे, आणि आम्ही दोघी खो खो हसत सुटलो. मग मी रडले.

दाओचा बाप कधीच वारला, बाकी घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. मला साखर आहे, मी बाद. माझा मुलगा बँकॉकला असतो, जरा शिंक आली की दुकानातून जंतू मारणाऱ्या कॅप्सूल घेतो, तो बाद. राहिला खाम्पुन. कच्च्या माशामुळे त्याच्या पोटात किडे निघाले, ते औषधाने मारले, पुन्हा तपासलं, आणि डॉक्टरीणबाई चष्मा काढून म्हणाल्या, "काय सुंदर वस्ती आहे हो!"

"ऐकलंत, वहिनी?" खाम्पुनची छाती फुगली. "जन्मभर म्हणालात, ह्याच्या हातून काही होत नाही. हातून नाहीच झालं!"

"दात काढू नकोस. अटी ऐक."

अटी साध्या होत्या. दारू बंद, दुकानातल्या कॅप्सूल बंद, आणि उपचार चालू आहे तोवर कच्च्या माशाचा एक घासही नाही. एक घास खाल्ला की पुन्हा किडे, आणि दाओचा उपचार तिथेच थांबला. माझ्या पाचावर धारण बसली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि माझ्या लेकीचं आतडं त्या खोडीवर टांगलेलं.

वर मी माझी एक अट घातली. गावात कुणाला कळता कामा नये. तरणी पोर, मंचावर उभी राहते, लोक काय काय ओरडतील! दाओची शपथ घातली त्याला.

"नाही सांगणार," तो म्हणाला.

मग तो पहाटेच्या बसने इस्पितळात जायला लागला. देऊन यायचा आणि येताना माझ्यासाठी कोळशाचं पोतं उचलून आणायचा. मी त्याच्या तोंडाचा वास घ्यायचे, चुलीशेजारची भांडी उघडून बघायचे. कधी काही सापडलं नाही.

मुखिया पायरोटने नवं घर बांधलं तेव्हा कोयला बोलावणं आलं. खाम्पुनने मासा चिरला, कालवला, परात मधोमध ठेवली आणि हात पुसत मागे सरकला. सगळे थांबले.

"घे की घास," पायरोट म्हणाला.

"आज नको. पोट बरं नाही."

"विष घातलंयस की काय रे?" कुणीतरी म्हणालं.

"छे, वहिनीने बंदी घातली असेल. बायको नाही तर वहिनीला भितो!"

हशा पिकला. खाम्पुनही हसला. पण परातीत हात कुणी घातला नाही. पायरोटच्या बायकोने तो मासा तसाच नेऊन मागच्या बदकांपुढे ओतला. मी तिथेच बसले होते. एका शब्दाने सगळं मिटलं असतं, आणि माझी जीभ उचलली नाही.

घरी येताना मी म्हटलं, "काहीतरी बोलायचं होतंस रे."

"शपथ घातलीत ना?" तो म्हणाला. "दाओला भूक लागायला लागलीय, बघितलंत? काल दोनदा भात मागून घेतला."

त्यानंतर गावाने त्याला कोयला बोलावणं सोडलं. पायरोटचा मेहुणा चिरायला लागला. पंगतीच्या आवाजाने खाम्पुन झोळीतून मान वर करायचा आणि पुन्हा खाली ठेवायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होता, आणि दाबणारा हात माझा होता.

दाओचं रक्त थांबलं. मग एक दिवस ती शहरापर्यंत बसमध्ये बसून राहिली, मध्ये एकदाही उतरली नाही, आणि मी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले. डॉक्टरीणबाईंनी आत कॅमेरा घालून बघितलं. जखमा भरत होत्या.

"पुढे टिकेल का, ते बघत राहावं लागेल," त्या म्हणाल्या. मग खाम्पुनकडे वळल्या. "तुमचं चालेल असे आणखी रुग्ण माझ्याकडे आहेत. पुढेही द्याल का?"

"म्हणजे कोय नाहीच?"

"नाहीच."

"देईन," तो म्हणाला. या माणसाला मी आळशी म्हणत होते. मला त्याचा इतका अभिमान वाटला, की मी त्याच्या पाठीत एक धपका घातला.

देवळाच्या जत्रेत दाओचा फड आला. भर दुपारी मंच उभा राहिला, शेजारीच मी कोंबड्या भाजायला निखारे मांडले. गाण्याच्या मध्ये ज्यांनी फडाला काही दिलं त्यांची नावं गायची पद्धत आहे. मंचावर चढण्याआधी दाओ म्हणाली, "आई, आज काकाचं नाव घेणार आहे. काय दिलं तेही सांगणार."

"वेडी झालीस का? लोक हसतील!"

"हसू देत. त्याच्यामुळे मी उभी आहे. मला लाज वाटत नाही, तुला कसली वाटते?"

ती मंचावर चढली. तिने गायलं, काका खाम्पुनचं नाव घेतलं, आणि काय दिलं ते सरळ सांगून टाकलं. मग असा काही हशा उसळला, की ढोलकीवाला थांबला. खाम्पुन मान खाली घालून कोपऱ्यात बसलेला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कोंबडीचा चिमटा हातात होता, तसाच घेऊन मी पुढे घुसले.

"हसा, मेल्यांनो! पायरोट, तुझ्या पंगतीत याने घास घेतला नाही, तो का? माझी पोर जगावी म्हणून! तुम्ही विष म्हणालात. मी ऐकत बसले, मी शपथ घातली होती म्हणून हा बोलला नाही. आणि यापुढेही घेणार नाही, ओळखदेख नसलेल्या माणसांसाठी. तुमच्यात आहे कुणाची छाती?"

दाओनेच पुन्हा गाणं उचललं आणि शेवटपर्यंत गायली. मध्ये कुठेही पळाली नाही.

पुढच्या महिन्यात पायरोटचा मुलगा देवळात भिक्षूची दीक्षा घेणार होता, त्याची पंगत होती. पायरोट स्वतः आमच्या दारी आला. "कोय तूच करायचास," तो खाम्पुनला म्हणाला.

"मला खाता येत नाही, माहीत आहे ना?"

"तू ये तर."

खाम्पुनने मासा चिरला, कालवला. पायरोटने परात उचलली आणि सगळा मासा चुलीवरच्या कढईत ओतला. म्हातारे कुरकुरले. शिजलेला कोय म्हणजे काय, असं वाटोळं कधी बघितलं होतं का?

"खाम्पुनने घास घेतल्याशिवाय माझ्या घरी कुणी जेवत नाही," पायरोट म्हणाला, आणि वाफाळती परात त्याच्यापुढे ठेवली.

खाम्पुनने चिकट भाताचा गोळा केला, कोय उचलला आणि तोंडात घातला. डोळे भरून आले होते, तरी चावत राहिला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"लिंबू कमी पडलंय," तो म्हणाला.

आणि एकदम सगळ्यांचे हात परातीत गेले.