टकलूचा दोर

"उडी! आता वार! अरे, वार कर की, झोपलास का?" दादा ओरडला.

"तू आधी त्याला सरळ उभा तर कर. तोंड भिंतीकडे. मी वार कोणावर करू, भिंतीवर?" बारक्याने विचारलं.

दोघे भाऊ सोफ्यावर खांद्याला खांदा लावून बसले होते आणि दोघांत मिळून व्हिडिओ गेमचा कंट्रोलर एकच होता. त्याची डावी बाजू दादाच्या डाव्या हातात, उजवी बारक्याच्या उजव्या हातात. पडद्यावरच्या योद्ध्याला खरं तर भारदस्त नाव होतं, पण डोक्यावर केस नसल्यामुळे या घरात तो टकलू झाला होता. टकलूला चालवायचं, पळवायचं, वळवायचं काम दादाचं. उडी, तलवार आणि ढाल बारक्याकडे. कारखान्यातल्या प्रेसखाली दादाच्या उजव्या हाताची बोटं गेली, तेव्हापासून दर रविवारी हे असंच चाललं होतं.

दादा आता त्याच कारखान्यात हत्यारांच्या खिडकीमागे बसून इतरांना पाने आणि पकडी देत असे. धडधाकट हातांच्या माणसांना दिवसभर हत्यारं पुरवायची, हे त्याच्या मनाला फार लागायचं. पण तो बोलून दाखवणाऱ्यांतला नव्हता. आठवडाभर गप्प राहायचा आणि रविवारी बारक्यावर ओरडून सगळी कसर भरून काढायचा. टकलूने तलवार उपसली की त्याला आपले दोन्ही हात परत मिळाल्यासारखे वाटायचे. हे मात्र त्याने बारक्याला कधी सांगितलं नव्हतं.

खेळाच्या पहिल्या भागात शेवटी टकलू एका कड्यावर येऊन थांबतो. समोर शत्रूचा बुरूज आणि मध्ये ही मोठी दरी. तिथेच खेळ संपतो. दुसरा भाग येणार अशी बातमी आली आणि दोघांना दुसरा विषयच उरला नाही.

"दोर देणारेत म्हणे टकलूला," बारक्या म्हणाला. "टोकाला आकडा. फेकायचा, अडकवायचा, की थेट दरीपलीकडे."

"फेकणार कोण?"

"मी. झोका तू घ्यायचा."

"म्हणजे दरीत पडला की नाव माझं."

"आत्ता तरी कोणाचं असतं?"

दादाची बायको चहाचे कप उचलता उचलता म्हणाली, "दोर राहू दे. त्याला आधी पोहायला शिकवा म्हणावं. एवढा मोठा योद्धा आणि गुडघाभर पाण्यात मेला मागच्या वेळी!"

अशा गप्पांत दिवस मजेत चालले होते. मग एका रविवारी बारक्या दारातूनच मोबाइल नाचवत आला. तोंडावर हसू मावत नव्हतं. खेळ बनवणाऱ्या कंपनीने दुसऱ्या भागाचा व्हिडिओ काढला होता. टकलूला दोर मिळाला होता, पोहताही येत होतं. आणि अगदी शेवटी आणखी एक नवी सोय दाखवली होती. ज्याला हवं त्याला सगळी बटणं कंट्रोलरच्या एकाच बाजूला घेता येणार होती, म्हणजे अख्खा खेळ एका हाताने खेळता येणार होता.

"बघितलंस?" बारक्या म्हणाला. "बघितलंस, दादा?"

दादाने बघितलं. त्याने मोबाइल परत बारक्यापुढे धरला.

"छान," तो म्हणाला. "सुटलास की मग."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? रविवार मोकळा झाला तुझा. आनंद दिसतोय तोंडावर. इतकी वर्षं लुळ्या भावाचं लोढणं गळ्यात होतं, उपकार झाले तुझे."

बारक्याचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने मोबाइल खिशात टाकला, चपला पायात सरकवल्या, "येतो, वहिनी" एवढंच म्हणाला आणि गेला.

"काय बोलून बसलात हे?" दार लागल्यावर बायको म्हणाली. "वर्षभर तोच कंपनीच्या मागे लागला होता त्या सोयीसाठी. 'दादा आठवडाभर रविवारची वाट बघत बसतो, त्याला मनात येईल तेव्हा खेळता आलं पाहिजे,' म्हणायचा. तुम्हाला सांगू दिलं नाही मला. झालं नाही तर उगाच आशा लागेल म्हणून."

दादाने फोन उचलला आणि खाली ठेवला. धाकट्या भावाला चुकलो म्हणायचं, हे त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं. येईल रविवारी, तेव्हा बघू, असं म्हणाला. रविवारी बारक्या आला नाही. पुढच्याही नाही. तो यायचा थांबला, हा फोन करायचा थांबला. हट्टाच्या बाबतीत दोघांत डावं-उजवं करायची सोय नव्हती.

दुसरा भाग बाजारात आला, तेव्हा दादाने एकदाचा फोन लावला.

"टकलू आलाय," तो म्हणाला. "रविवारी ये."

पलीकडे बसचा हॉर्न वाजला. बारक्या बस चालवायचा.

"मी तिकडे नाहीये, दादा. लांबच्या डेपोत बदली घेतली. गेल्याच आठवड्यात रुजू झालो."

"बदली? मध्येच कशी?"

"मध्येच नाही. साहेब कधीपासून मागे लागले होते, पगारही जास्त आहे. रविवारसाठी नाही म्हणत होतो मी. या वेळी हो म्हटलं."

'रविवार मोकळा झाला तुझा' हे आपलंच वाक्य दादाला आठवलं, आणि कोणीतरी कानफटात मारल्यासारखं झालं.

"बारक्या, त्या दिवशी मी..."

"जाऊ दे रे. दोर कसाय ते सांग."

"दोर? अजून मिळाला नाही," दादा म्हणाला. "पुढे असेल कुठेतरी."

"मिळाला की कळव. पहिल्यांदा फेकशील ना, तेव्हा मला फोन कर." मागून कोणीतरी हाक मारली. "चल, गाडी लागली."

दादाने फोन ठेवला. तो नेहमीसारखा सोफ्याच्या डाव्या टोकाला बसला होता आणि उजवीकडची जागा रिकामी होती. सगळी बटणं त्याच्या डाव्या हाताखाली आली होती. समोर टकलू कड्यावर उभा होता. कमरेला दोर होता. तो खेळाच्या सुरुवातीलाच मिळतो.

बायको येऊन मागे उभी राहिली. "आहे की दोर. फेका ना."

"फेकू," दादा म्हणाला. "घाई काय आहे?"

त्याने अंगठा हळूच सरकवला. टकलू वळला आणि दरीच्या काठाकाठाने चालायला लागला. टोकापर्यंत जाऊन परत आला, आणि पुन्हा निघाला.