चपला काढणारी झॉम्बी

जयतीर्थरावांनी दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरला, मान वाकडी केली आणि घसा खरवडून ‘आँऽऽ’ केलं.

समोर लॅपटॉप मांडून आवाज भरून घेणाऱ्या दीपश्रीनं नकारार्थी मान हलवली.

‘काका, हे गुळण्या केल्यासारखं येतंय. तुम्ही मेलाय आणि तुम्हाला भूक लागलीय.’

‘मेलेल्याला भूक कशी लागेल?’

‘तोच तर सिनेमा आहे की ओ, काका,’ मागून श्रीहर्ष म्हणाला. ‘परत एकदा. घाई नको.’

जयतीर्थरावांनी पुन्हा ‘आँऽऽ’ केलं. या वेळी ते खोकल्यात संपलं. श्रीहर्षनं पाण्याची बाटली पुढे केली.

दाजीबानपेठेतल्या एका कापड दुकानाच्या वरचं हे गोदाम होतं. दुकानाच्या मालकाचा मुलगा श्रीहर्षचा वर्गमित्र, म्हणून जागा फुकट मिळाली होती. चारी भिंतींना लागून छतापर्यंत कापडाचे गठ्ठे रचले होते, त्यामुळे पेठेतला गलका आत येत नव्हता. अडचण एकच होती. खाली गिऱ्हाईक आलं की हमाल वर यायचा आणि एखादा गठ्ठा खांद्यावर टाकून घेऊन जायचा. लगेच दीपश्री कपाळाला हात लावायची. तेवढ्यानं खोलीचा आवाज बदलतो, असं तिचं म्हणणं. मग श्रीहर्ष दुसरीकडचा गठ्ठा ओढून त्या रिकाम्या जागी लावायचा आणि काम पुढे सुरू व्हायचं.

श्रीहर्ष हा जयतीर्थरावांच्या बायकोच्या, हेमावतीच्या, धाकट्या बहिणीचा मुलगा. आठवडाभर नोकरी करायचा आणि सुट्टीच्या दिवशी सिनेमा काढायचा. हा त्याचा पहिला पूर्ण सिनेमा होता. अळणावरच्या एका लाकडाच्या वखारीत मेलेली माणसं उठून बसतात आणि गावातल्या लोकांना खायला निघतात, अशी गोष्ट. घाबरायचं कमी, हसायचं जास्त. तोंडाला हळद आणि कोळसा, ओठांवर बिटाचा रस. गावातलेच लोक मेलेले झाले होते. कमी पडले तेव्हा नातेवाइकांना बोलावलं होतं. जिवंत माणसं मराठीत आणि कन्नडमध्ये मिळून बोलायची, मेलेली नुसती कण्हायची. ‘मेलेल्यांना भाषांतर लागत नाही, तेवढाच खर्च वाचला,’ असं श्रीहर्ष सगळ्यांना सांगायचा.

‘मलाही घे रे मेलेल्यांत,’ असं हेमावती आपण होऊन म्हणाली होती. ते थंडीचे दिवस होते. उन्हाळ्यात ती गेली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही.

‘परत लाव,’ जयतीर्थराव म्हणाले.

दीपश्रीनं सीन पुन्हा पहिल्यापासून लावला. लॅपटॉपवर एक कौलारू घर दिसलं. दारात रांगोळी होती. डाव्या बाजूनं हेमावती आली. मान कलती, बोटं आकडलेली, केस सोडलेले. एक पाय ओढत ती रांगोळीपर्यंत आली आणि रांगोळीला वळसा घालून उंबऱ्याशी थांबली. चौकटीला हात टेकून तिनं आधी डावी चप्पल काढली, मग उजवी. दोन्ही चपला पायानंच बाजूला सारल्या. मग पुन्हा मान वाकडी केली, बोटं आकडली, तोंड उघडलं आणि माणसांना खायला ती आत गेली.

हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. श्रीहर्षनं सीन थांबवून विचारलं होतं, ‘मावशी, चपला का काढल्यास?’ त्यावर ती म्हणाली होती, ‘अरे, लोकांच्या घरात जायचं ना?’ श्रीहर्षनं तोच सीन ठेवला. सबंध सिनेमात याच्याइतकं चांगलं काही आपल्याला सुचलेलं नाही, असं तो म्हणत असे आणि ते खोटं नव्हतं.

पण त्याच वेळी मागच्या वखारीतला आरा सुरू झाला होता. हेमावती उंबऱ्याशी तोंड उघडून कण्हत होती आणि ऐकू येत होती ती लाकूड चिरल्याची करकर. बाकीच्यांचे आवाज पावसाळ्यात या गोदामात पुन्हा भरून घेतले. तेव्हा हेमावती नव्हती.

‘मी करून बघू का, काका?’ असं दीपश्रीनं सकाळीच विचारलं होतं. केलंही होतं, आणि चांगलं केलं होतं. हेमावतीच्या उघड्या तोंडातून एका तरुण मुलीचा आवाज आला तेव्हा जयतीर्थरावांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला होता.

‘ही ती नाही.’

‘लोकांना कुठं कळणार आहे?’ श्रीहर्ष म्हणाला होता.

‘मला कळतंय की. मी करतो.’

तेव्हापासून हे चाललं होतं.

जयतीर्थरावांची सगळी नोकरी भूमापन खात्यात गेली. साखळी धरून मोजायचं, मोजलेलं तपासायचं, तपासलेलं पुन्हा बघायचं. त्यांना चूक दिसली की ती सांगितल्याशिवाय राहवत नसे. हेमावती दुपारची भांडी आवरून टीव्हीवर असले सिनेमे लावायची तेव्हा ते शेजारी पेपर घेऊन बसायचे आणि पेपरावरून बघायचे.

‘त्या मढ्याच्या हातात घड्याळ आहे.’

‘असू दे.’

‘मघाशी ह्याचा उजवा हात तुटला होता. आता डावा तुटलाय.’

‘दिसलं मला. म्हणूनच तर बघतेय.’

चांगले, मोठे, खर्चिक सिनेमे तिला आवडत नसत असं नाही. पण त्यात मेलेला माणूस खरंच मेल्यासारखा वाटतो, असं ती म्हणायची. ह्यांत तसं नाही. ह्यांत मेलेला माणूस डास चावला की हळूच मान खाजवतो. मागे उभ्या राहिलेल्या म्हातारीला हसू आवरत नाही, ती पदर तोंडाला लावते. रक्त सांडलं की कळतं, कुणाच्या तरी घरी आज बिटाची कोशिंबीर झाली नाही. एखाद्यानं फार भीती दाखवली की आपण लहान होतो, असं काहीतरी ती बोलायची, आणि हे लोक भीती दाखवायला येतात ते बिचारे आपल्यालाच घाबरलेले असतात. शाळेत मुलांना शिकवून तिला नीट सांगायची सवय होती, तरी एवढंच तिला नीट सांगता येत नसे. ती हसायची आणि त्यांच्या गुडघ्यावर थाप मारायची. त्यांचा पेपर चुरगळायचा.

‘काका,’ श्रीहर्ष गठ्ठ्यावरून उतरून समोर येऊन बसला. ‘रविवारचा हॉल ठरलाय. आज हे संपायला हवं. तुम्हाला वाईट वाटून घ्यायचं नाही, पण आवाजाशिवाय हा सीन ठेवता येत नाही. मशीन बंद पडलं असं वाटतं लोकांना. नाहीतर मग काढूया सीन.’

‘काढायचा?’

‘मावशी दुसऱ्या एका ठिकाणी आहे, गर्दीत. ते राहील की.’

‘तिथं पाठ दिसते.’

हमाल वर आला, त्यानं खिडकीजवळचा गठ्ठा ओढला. दीपश्रीनं कपाळाला हात लावला नाही, नुसती त्याच्याकडे बघत राहिली. तो गेल्यावर तिनं स्वतः उठून दुसरा गठ्ठा त्या जागी सारला आणि हात झटकत परत आली.

‘काका, एक सांगू?’ ती म्हणाली. ‘तुम्ही त्यांच्या तोंडाकडं बघून तोंड उघडताय. तसं नका करू. आणि कण्हणं उंबऱ्याशी नाही आलं तरी चालेल. त्या आत गेल्यावर आतून आवाज आला तरी पुरे. आम्ही तिथं जोडू. तुम्ही नुसतं बघत बसा.’

‘मग कण्हायचं कधी?’

‘वाटेल तेव्हा. मी मशीन चालूच ठेवते.’

तिनं सीन लावला. जयतीर्थराव हात मांडीवर ठेवून बघत बसले. कौलारू घर. रांगोळी. हेमावती आली. उंबऱ्याशी थांबून तिनं चौकटीला हात टेकला. गुडघा दुखायला लागल्यापासून ती असाच हात टेकायची. डावी चप्पल. उजवी. ती आत गेली. सीन तिथंच संपतो असं त्यांना इतका वेळ वाटत होतं, कारण प्रत्येक वेळी आपलं कण्हणं झालं की ते डोळे मिटून घेत होते. पण सीन संपत नव्हता. ती आत गेल्यावर कॅमेरा दारावर तसाच राहिला होता. आत काळोख. बाहेर उंबऱ्याच्या कडेला दोन चपला, एक सरळ आणि एक जरा तिरकी. वाऱ्यानं दाराचा पडदा हलला. बाकी काही हललं नाही.

जयतीर्थरावांच्या तोंडून आवाज निघाला. तो पोटातून आला आणि मधेच अडकला. त्यांनी तो थांबवायला ओठ मिटले, तर नाकावाटे आला. मग त्यांनी ओठ मिटायचं सोडून दिलं. लॅपटॉपवरचा सीन संपून काळं झालं तरी आवाज चालू होता. श्रीहर्ष उठायला लागला. दीपश्रीनं त्याच्याकडे न बघता हात आडवा धरला आणि तो परत बसला.

बऱ्याच वेळानं जयतीर्थरावांनी हेडफोन काढला आणि खिशातला रुमाल शोधला.

‘छलो बंत्री, काका,’ दीपश्री कन्नडमध्ये म्हणाली. तिची मान लॅपटॉपकडे वळलेली होती. ‘छान आलंय. ठेवू?’

‘जेवढं लागतं तेवढं ठेव. बाकीचं पुसून टाक.’

‘हौद री,’ म्हणत तिनं मान डोलावली.

रविवारी सकाळी धारवाडमध्ये, सुभाष रोडमागच्या एका छोट्या हॉलमध्ये सिनेमा दाखवला. खुर्च्या कमी पडल्या म्हणून पुढे सतरंजी घातली होती. अळणावरहून एक टेम्पो भरून मेलेली माणसं आली होती. सगळे धुतलेले कपडे घालून, केसांना तेल लावून. वखारीत काम करणारा सटवाजी जयतीर्थरावांच्या शेजारी बसला आणि दिवे गेल्याबरोबर त्यानं त्यांच्या दंडाला कोपरानं ढोसलं.

‘ह्यो बघा, ह्यो म्या.’

‘बरं.’

‘आता मेलो.’

‘दिसलं.’

थोड्या वेळानं पुन्हा कोपर. ‘ह्यो बी म्याच. टोपी घातलीया नव्हं, म्हणून वळखू येत न्हाई. माणसंच कमी पडली, काय करता. श्रीहर्ष सायेब म्हनले, सटवाजी, ऊठ, पुना मर.’

पुढच्या रांगेतल्या सटवाजीच्या बायकोनं, मथुरेनं, मागे वळून त्याला डोळे दाखवले. ‘गप बसा की ओ. आक्क्या सिनेमाभर तुमीच मराय लागलाय, ते काय आमाला दिसंना झालंय व्हय?’

आजूबाजूची माणसं हसली. जयतीर्थरावांनी हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते. कुठला सीन कधी येणार ते त्यांना माहीत होतं. पडद्यावर एकजण फणस फेकून मारत होता. लोक हसत होते. मग कौलारू घर आलं.

हॉल शांत झाला. हेमावती पाय ओढत आली. कुणीतरी सतरंजीवरून म्हणालं, ‘अगं बाई, ह्या तर हेमावती टीचर!’ ती रांगोळीला वळसा घालून गेली तेव्हा एकदोघं हसले. तिनं चौकटीला हात टेकला आणि डावी चप्पल काढली, आणि सगळा हॉल फुटला. सटवाजीनं मांडीवर थाप मारली. मथुरा पोट धरून पुढे वाकली. उजवी चप्पल काढली तेव्हा मागे एका माणसाला हसता हसता ठसका लागला. हेमावती आत गेली. पडद्यावर दोन चपला उरल्या आणि त्या बघून लोक आणखी हसले. लहान मुलं उगाच टाळ्या वाजवायला लागली.

जयतीर्थराव मान पुढे काढून ऐकत होते. आवाज याच वेळी यायला हवा होता. त्यांना काहीच ऐकू आलं नाही. दाराचा पडदा हलला आणि सीन बदलला.

कुणीतरी वाकून, अंधारात गुडघे चुकवत त्यांच्याजवळ आलं. तो श्रीहर्ष होता. तो त्यांच्या खुर्चीशी उकिडवा बसला.

‘काका, तुमचं कण्हणं पार बुडालं की ओ,’ तो कानाशी लागून म्हणाला. ‘इतकी हसतील असं वाटलं नव्हतं. संध्याकाळच्या खेळाला दीपश्री वाढवून देते म्हणाली. वाढवू?’

जयतीर्थरावांनी त्याच्याकडे बघितलं. पडद्याच्या उजेडात त्याचं तोंड ओलं दिसत होतं. हसून ओलं झालं होतं की कशानं, ते कळत नव्हतं.

‘नको,’ ते म्हणाले.

‘एवढा त्रास घेतलात तुम्ही.’

‘आहे ना तो आत?’

‘आहे की.’

‘मग असू दे. लोकांच्या हसण्याच्या वर चढवू नको त्याला.’

मागून कुणीतरी ‘ए, खाली बस’ म्हणून ओरडलं. श्रीहर्ष उकिडवाच होता, तरी आणखी खाली वाकला आणि त्याच चालीनं रांगेतून बाहेर पडला. जयतीर्थरावांनी पाय आखडून त्याला वाट दिली. तो दाराशी पोचला तेव्हा त्यांनी हाक मारली.

‘श्रीहर्ष, संध्याकाळचा खेळ किती वाजता आहे रे?’