परकीय सैनिकांनी

मुद्रितशोधकांनी लाल पेनाने तो शब्द तिसऱ्यांदा घातला आणि या वेळी खाली दोन रेघाही ओढल्या. परकीय. सातवीच्या इतिहासातलं वाक्य साधं होतं : ‘परकीय सैनिकांनी गाव जाळले.’ पण दर नव्या प्रुफात गाव जळत असे, सैनिक जागेवर असत आणि परकीय तेवढा गायब झालेला असे.

चूक एकदा होते. तीनदा होते ती चूक नसते, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. साम्राज्य जाऊन सत्तर वर्षं झाली तरी त्याची वकिली करणारे अजून पगारावर आहेत, असं त्यांचं ठाम मत होतं. पहिला संशय अर्थातच समितीवरच्या प्राध्यापकांवर. ‘त्या काळात निदान शिस्त तरी होती,’ असं ते चहा पिता पिता म्हणत. अशा माणसाकडे पाठ्यपुस्तक तपासायला देणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या.

कुणकुण संपादकसाहेबांपर्यंतही गेली होती.

“संध्याकाळपर्यंत नाव सांगा,” ते म्हणाले होते. “जो कुणी असेल तो उद्यापासून इथे दिसणार नाही.”

म्हणून आजचं पान मुद्रितशोधकांनी प्राध्यापकांकडे जाऊच दिलं नाही. थेट अक्षरजुळणीच्या टेबलावर ठेवलं आणि समोर बसून राहिले. अर्ध्या तासाने छापून आलं. शब्द नव्हता.

अक्षरजुळणी करणारी बाई बारा वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर होती. तिच्या मुलीचा शाळेचा अर्ज त्यांनीच भरला होता. त्यांना राग यायला हवा होता, पण वाईटच वाटलं.

“ताई, हे तुम्ही करताय?”

तिने आढेवेढे घेतले नाहीत.

“काका, ते गाव माझ्या आईचं.”

“मग तर तुम्ही तो शब्द मोठ्या अक्षरात टाकायला हवा.”

“परकीय दोघंच होते तिथे. दोघंही घोड्यावर. मशाली धरणारे आपलेच होते, नदीपलीकडचे. आजीने त्यातल्या तिघांना ओळखलं होतं. मरेपर्यंत नावं सांगायची.”

“मला सांगायचं तरी.”

“कसं सांगणार? तुम्ही कुठले, मला माहीत आहे ना.”

मुद्रितशोधक नदीपलीकडचे होते. त्यांच्या बाहेरच्या खोलीत आजोबांचं पदक काचेच्या पेटीत होतं. ते कशाबद्दल मिळालं हे घरात कुणी सांगत नसे, आणि आयुष्यभर लोकांच्या चुका काढणाऱ्या या माणसाने कधी विचारलंही नव्हतं. ती तीन नावं आताही त्यांनी विचारली नाहीत. त्यांना भीती वाटली, दुसरं काही नाही.

त्यांनी पान उचललं, आहे तसंच, खाली सही केली आणि साहेबांच्या खोलीत गेले.

“सापडला का?”

“सापडला, साहेब. मीच काढत होतो.”

साहेब आधी हसले. मग चष्मा काढून त्यांच्याकडे बघत राहिले.

“तुम्ही? का पण?”

“आमच्या घरचं माणूस होतं त्यात,” मुद्रितशोधक म्हणाले.