न उठलेल्या देवी

देवी टोचल्यावर आठव्या दिवशी वाडीवर परत जायचं, पोरांच्या दंडावर फोड उठले का ते बघायचं आणि रजिस्टरात लिहायचं, असा टोचणाऱ्यांचा नेम होता. पुष्कळजण तो रकाना घरी बसून भरत. महादू मात्र खरोखर जात असे.

अडतीस सालच्या माघात तो शेणव्यापलीकडच्या ठाकरवाडीत पोचला, तेव्हा बाया हसतच पुढं आल्या. बाईजानं कडेवरच्या भागीचा दंड उघडा करून दाखवला.

"बघ रे दादा, एक फोड नाय! देवीनं आमच्या पोरांकं पायलंच नाय."

म्हाताऱ्या बुधूनं त्याच्या हातात नारळ ठेवला. "तुझा हात हलका. मागल्या डाक्तरानं टोचलं तवा पोरा आठ दिस तापानं फणफणली."

महादूनं एकेक दंड उजेडाकडं वळवून बघितला. अठरा पोरं, आणि दंडांवर नुसत्या सुकलेल्या रेघा. फोड नाही म्हणजे देवीची कृपा, असं वाडीला वाटत होतं. फोड नाही म्हणजे लस मेलेली, हे त्याला एकट्याला ठाऊक होतं. का मेली, तेही. लशीच्या नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीतून न्यायच्या असतात. त्या दिवशी मुरबाडला कारकुनानं त्याला थांबवलं, "यंदा तपासनीस तूच" म्हणाला; आणि ते गोड बोलणं ऐकता ऐकता पिशवी दुपारभर बैलगाडीत उन्हात राहिली.

सोमवारी साहेब रजिस्टर बघणार होता. 'उठल्या' एवढं लिहिलं की वाडी खूश, साहेब खूश. अकरा वर्षांची पायपीट संपली असती. महादूनं पेन्सिल काढलीही.

"उद्या वाशिंदला वीटभट्टीवर जाते," बाईजा म्हणाली. "तिकडं देवीची साथ हाय म्हंतात. आता पोरीला भेव नाय ना रे?"

महादूनं पेन्सिल खाली ठेवली.

"आहे," तो म्हणाला. "लस उन्हानं मेली होती. चूक माझी. परत टोचावं लागेल. आणि या वेळी फोड येतील, तापही येईल."

बायांचं हसू मावळलं. "म्हंजे त्या दिशी पोरांना फुकट रडवलंस?" बाईजानं विचारलं.

"हो."

बुधूनं हात पुढं केला. "आण तो नारळ इकडं." महादूनं दिला. "आन आता तुझं का म्हून आयकायचं?"

महादू पिशवी आवरू लागला. "नका ऐकू. पण बाईजा, पोरीला घेऊन वाशिंदला जाऊ नको."

"मागला डाक्तर परत तोंड दावाय आला नाय," बाईजा बुधूला म्हणाली. "ह्यो येतो आन आपलीच चूक सांगतो. खुळा हाय."

"खुळा तर हायेच," बुधू पुटपुटला.

'अठरा टोचली, एकही उठली नाही. लस माझ्या हलगर्जीपणानं मेली,' असं महादूनं तिथंच लिहिलं. सोमवारी साहेबानं ते दोनदा वाचलं, आणि तपासनिसाची जागा दुसऱ्याला गेली.

मंगळवारी शहापूरहून नवी लस घेऊन तो झाडीझाडीनं चालत वाडीवर आला. कोणी पुढं येईना. बाया दारातूनच बघत होत्या. शेवटी बाईजा आली; ती वाशिंदला गेली नव्हती.

"ही तरी जिती हाय का?"

"असावी," महादू म्हणाला. "आठव्या दिवशी कळेल."

"मंग आठ दिस भट्टी ऱ्हाऊ दे," असं म्हणून तिनं भागीला मांडीवर घेतलं आणि तिचा दंड घट्ट धरला.