माय जालन्याला असते

आश्रम सांभाळणाऱ्या सत्यशीलाताईंनी सकाळच्या चहाला बातमी सांगितली आणि सगळ्या हॉलमध्ये टाळ्या पडल्या. पिशोरचं घर तयार झालं होतं. रंगसुद्धा वाळला होता म्हणे.

"आणि पिशोरला पहिल्यांदा कोण जाणार, तर आपल्या बानामावशी," ताई म्हणाल्या. "त्यांचं गावच ते. सोबतीला बिल्किस आपा."

पुन्हा टाळ्या. बानाबाईनंही वाजवल्या. न वाजवून करते काय?

शहरातल्या छावणी भागातल्या चर्चच्या मंडळीनं हे काम सुरू केलं, तेव्हा त्याला संस्था वगैरे कुणी म्हणत नव्हतं. पाळकसाहेबांच्या बंगल्यामागं एक खोली रिकामी होती. चर्चच्या पायरीवर बसून राहणाऱ्या दोन म्हाताऱ्यांना तिथं खाटा टाकून दिल्या, एवढंच. मंडळीतल्या बायका आळीपाळीनं डबे आणायच्या. बघता बघता खोलीशेजारी खोल्या निघाल्या, मग इमारत झाली, आणि जात-धर्म न विचारता माणसं येत गेली. मग फुलंब्रीला दुसरं घर काढलं, आणि तिथं झाली की फजिती! नव्या भिंती, नव्या गाद्या, आणि माणसंही सगळी नवीच. दिवेलागणीला एक म्हातारं रडायला लागलं की सगळं घर रडायचं. महिन्याभरात निम्मे लोक, जिथून हाकलले होते तिथंच परत गेले. मंडळी हबकली. तेव्हा पाळकांच्या बायकोनं सांगितलं, अहो, दूध कितीही चांगलं असू द्या, विरजण लागतंच ना! छावणीतली दोन मुरलेली माणसं फुलंब्रीला धाडली, आणि घर लागलं. तेव्हापासून हा शिरस्ताच पडला. नवं घर उघडायचं, तर छावणीतून दोघं जाणार. कन्नडला गेले, सिल्लोडला गेले. त्यांना विरजणाची माणसं म्हणतात आणि त्यांचा मोठा मान असतो.

तो मान आता बानाबाईच्या वाट्याला आला होता आणि तिला तो नको होता.

"क्या हुआ? तोंड कायकू उतरलं तुझं?" खोलीत आल्यावर बिल्किस आपानं विचारलं. आपाच्या नवऱ्याचं शहागंजात बांगड्यांचं दुकान होतं. तो गेला, दुकान गेलं, आणि पुतण्यानं आपाला छावणीत आणून सोडलं. दोघींच्या खाटा कैक वर्षं शेजारी. एकीला ठसका लागला तर दुसरी उठून पाणी देणार.

"आपा, मी इथं असते हे गावात कुणालाच ठाव नाय."

"मतलब?"

मग बानाबाईनं सगळं सांगितलं. नवरा त्रिंबक गेल्यावर ती लेकाकडं, रामहरीकडंच होती. अंगणात पडली, खुबा मोडला, शहरात ऑपरेशन झालं. रामहरी मेंढरांमागं, सून लोकांच्या रानात. घरी म्हातारीला उठवणार कोण, बसवणार कोण? चालायला लागेपर्यंत राहू द्या म्हणून त्यानं तिला छावणीत आणलं. ती चालायला लागली. तो न्यायला आला नाही आणि तिनंही ने म्हटलं नाही. दिवाळीला लुगडं घेऊन यायचा, पाया पडायचा, डोळे पुसत जायचा. गावात त्यानं सांगितलं होतं, माय जालन्याला बहिणीकडं असते. ते खोटं बानाबाईनं लेकाइतकंच जपलं होतं.

"मायबापाला सांभाळणारं पोरगं म्हणून नाव हाय त्याचं गावात," ती म्हणाली. "ते नाव तरी माझ्या हातून जाया नको."

"तो ताईको बोल दे ना. दुसरं कोणी जाईल."

"ताईला सांगितलं की चार लोकांत होईल. अन् खरं सांगू का आपा? मला जायचं बी हाय. मरायच्या आधी एकदा तिकडची हवा तरी अंगाला लागंल."

आपानं बानाबाईचा हात हातात घेतला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

रामहरीला फोनवर कळलं तेव्हा तो आधी चिडला. "माय, त्या लोकाला दुसरं गावच घावलं नाय का?" मग तो नरमला. "आपल्या प्रेरणाची सोयरीक जमायलीय. चांगलं घर हाय. आजी आश्रमात हाय म्हणल्यावर लोक काय म्हणतील, तूच सांग. उद्घाटनाच्या दिवशी सगळं गाव येईल कार्यक्रमाला. तेवढा वेळ आत बस. लगीन उरकू दे, मंग बघू. तुझ्या पाया पडतो."

प्रेरणा म्हणजे बानाबाईचा जीव. तिला तिनं कडेवर वाढवलेलं, मांडीवर झोपवलेलं.

"पाया नको पडू रं लेकरा," ती म्हणाली. "बसते आत."

पिशोरच्या घराचं उद्घाटन झकास झालं. मांडव होता, खुर्च्या होत्या, लाऊडस्पीकर होता. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, मंडळीनं भजन म्हटलं, गावातल्या पुढाऱ्यांनी लांबलचक भाषणं ठोकली. लोकांनी जिलेबी खाल्ली, खोल्या बघितल्या, गाद्या दाबून बघितल्या आणि म्हणाले, लई भारी काम झालं. पण राहायला कोण येणार म्हटलं की जो तो दुसऱ्याकडं बघायचा. आमच्या गावात असं कुणी नाय बघा, सगळी पोरं सांभाळतात, असं एकानं छातीठोकपणे सांगितलं. बानाबाई पाठीमागच्या खोलीत दार लोटून बसली होती. तिला खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

तेवढ्यात आपा आत आली.

"बाना, एक बुढ्ढी आलीय. पायाला चिंधी बांधलीय, काखेत गठुडं. पायरीवर बसलीय. आत ये म्हटलं तर येत नाही, जा म्हटलं तर जात नाही. विचारती, इथं आमच्या गावातलं कुणी राहतं का? मेरा सुनतीच नहीं."

बानाबाई खिडकीशी गेली. आवडाबाई! भिंतीला भिंत लागून घर असलेली आवडी. रामहरीच्या जन्माला पहिलं पाणी जिनं तापवलं, ती. केवढी धिप्पाड बाई, आणि आता नुसती हाडं राहिली होती. कुणी ओळखेल म्हणून तिनं पदर तोंडावर ओढून घेतला होता, पण बानाबाईनं तिला बसण्याच्या ढबीवरूनच ओळखलं.

बानाबाईनं वॉकर धरला. मग सोडला. पोरीचं लग्न, रामहरीचं तोंड, दिलेला शब्द, सगळं तिच्यासमोर उभं राहिलं. बाहेर आवडीनं एका हातानं गठुडं उचललं आणि दुसऱ्या हातानं जमिनीचा आधार घेत ती उठायला लागली. बानाबाईनं वॉकर घेतला आणि दार उघडलं.

"आवडे, कुठं निघालीस?"

आवडाबाईनं पदर सारला. "बाने? अगं बाई! तू तर जालन्याला असतीस ना?"

मांडवातली माणसं वळून बघायला लागली. त्यांच्यातच रामहरी उभा होता. तो तीरासारखा पुढं आला. "व्हय, व्हय, पाव्हणी आलीय माय," तो मोठ्यानं म्हणाला. "कार्यक्रमाला आलीय. म्याच बोलावलं."

आवडाबाई हसली. ते हसू बघवत नव्हतं.

"येणारच की. नशीब लागतं बाने," ती म्हणाली. "माझा सुदर्शन मला गोठ्यात झोपवितो. पाय सडला तरी बघंना. तरी मला म्हणतो, आश्रमात जाऊन माझी अब्रू घालवू नको, तो रामहरी बघ, मायला कसं सांभाळतो. मी बी चुकलेच इथं येऊन. चल, येते. तू आपली पाव्हणचार घे."

ती वळली. रामहरीनं मायकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि विनवणी होती. बानाबाईला ते बघून वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. तिनं पोटच्या पोराकडं डोळे भरून बघितलं, आणि मग आवडाबाईकडं.

"आवडे, थांब. मी पाव्हणी नाय," ती म्हणाली. "मी कधीच जालन्याला नव्हते. मी या लोकांच्याच घरात राहते, तिकडं छावणीला. माझ्या रामहरीनंच सोडलं मला. तो वाईट नाय. पर त्याच्यानं झालं नाय माझं. तुझ्या सुदर्शनला सांग जाऊन."

सत्यशीलाताई हातातलं ताट घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मावशींना त्यांच्याच गावात आणून आपल्या हातून काय झालं, ते त्यांना तेव्हा कळलं.

"माय," रामहरी म्हणाला, "पोरीचं वाटोळं केलंस तू."

"आसंल," बानाबाई म्हणाली. "लग्नाला मला बोलवू नको रामहरी, म्या येणार नाय. पर आजी कुठं हाय म्हणून कुणी विचारलं, तर जालना सांगू नको. लेकरा, म्या वेशीवर बसलेय तुझ्या."

तो माणसांतून वाट काढत निघून गेला. आज ना उद्या मागं वळेल, असं तिला वाटत होतं. त्या दिवशी तरी वळला नाही.

आपानं आवडाबाईचं गठुडं घेतलं आणि तिला आत नेलं. ताईंनी गरम पाणी आणून तिच्या पायाची चिंधी सोडली. शेजारच्या खाटेवर बसून बानाबाई हमसून हमसून रडत होती, आणि पाय पाण्यात तसाच ठेवून आवडाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.